तहान ओळखून पाणी

दुकानाच्या गल्ल्याजवळ, घराच्या खिडकीत, जिन्याच्या कठड्यावर मनीप्लांटचा वेल दिसला नाही असे व्यापारी कुटुंब विरळाच. नावातच धन असल्याने या वेलाचे कोडकौतुकही भरपूर होते, आणि त्या कौतुकापोटीच तो बहुधा दगावतो. घरातील शोभेची झाडे पाण्यावाचून जितकी मरतात, त्याहून सहज ती पाण्याने मरतात. रोज सकाळी देवदर्शनाइतक्याच नेमाने कुंडीत तांब्याभर पाणी ओतणे ही सेवा वाटते. झाडाच्या दृष्टीने ती सेवा असतेच असे नाही.

मनीप्लांट हा मूळचा भारतीय नव्हे. पॅसिफिक महासागरातील मोरेआ या बेटावरचा हा वेल, अळू आणि सुरण यांच्याच कुळातला. तिथल्या उष्ण, दमट अरण्यात तो मोठ्या झाडांच्या खोडांना धरून वर चढतो. त्याच्या पेरापेरांतून मुळे फुटतात आणि ती हवेत मोकळी राहतात. पाऊस येतो, मुळे चिंब होतात. पाऊस थांबतो, पाणी निथळून जाते आणि मुळांना पुन्हा हवा मिळते. भिजणे आणि श्वास घेणे, या दोन्हींची आळीपाळी हा त्याचा स्वभावच होय. कुंडीत त्याला पाणी कसे द्यावे, याचे उत्तर या स्वभावातच आहे.

मुळेही श्वासोच्छ्वास करतात, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. मातीच्या कणांमधील पोकळीत हवा असते आणि मुळे तिच्यातील प्राणवायू घेतात. माती सदैव ओली राहिली की त्या पोकळ्या पाण्याने भरतात, मुळे गुदमरतात आणि अशक्त मुळांवर कुजविणारी बुरशी हल्ला करते. कुजलेले मूळ पाणी शोषू शकत नाही. त्यामुळे भोवती पाणी असूनही वेल तहानेला राहतो आणि पाने मलूल होतात. ती मान टाकलेली पाने पाहून घरातले माणूस आणखी पाणी घालते. अनेक कुंड्यांचा शेवट या एकाच गैरसमजात होतो.

म्हणून पाने मलूल दिसताच तांब्याकडे हात जाऊ नये; आधी मातीला हात लावावा. माती कोरडी, कुंडी हलकी आणि पानांच्या कडा करकरीत वाळलेल्या असतील तर वेल खरोखर तहानेला आहे. पाणी मिळताच काही तासांत तो टवटवीत होतो. माती ओली आणि खालची पाने पिवळी पडून मऊ झालेली असतील तर दुखणे मुळांचे आहे. अशा वेळी पाणी थांबवावे, वेल हलकेच बाहेर काढून मुळे पाहावीत. निरोगी मूळ पांढरट व टणक असते. कुजलेले तपकिरी, लिबलिबीत असते आणि त्याला दुर्गंधी येते. कुजका भाग तेवढा दूर करून वेल नव्या, भुसभुशीत मातीत लावल्यास तो पुष्कळदा सावरतो.

पाणी कधी द्यावे, याचा निर्णय वारावर किंवा तिथीवर ठेवू नये. बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. तिथवर कोरडे लागले तरच पाणी द्यावे. दुसरी कसोटी वजनाची. पाणी दिल्यावर कुंडी एकदा उचलून पाहावी आणि कोरडी झाल्यावर पुन्हा उचलावी. पोत्याला हात लावून तोलाचा अंदाज बांधणाऱ्या व्यापाऱ्याच्या हाताला हा फरक दोन-तीन वेळांत सहज कळू लागतो.

पाणी द्यायचे तेव्हा मात्र अर्धवट देऊ नये. रोज चमचाभर शिंपडल्याने वरची माती ओलसर राहते आणि खालची मुळे कोरडीच राहतात. सावकाश, चहूबाजूंनी, तळाच्या छिद्रातून पाणी बाहेर येईपर्यंत घालावे आणि अर्ध्या तासाने बशीत साचलेले पाणी काढून टाकावे. तळाला छिद्र नसलेली कुंडी कितीही सुंदर असली तरी वेलासाठी ती वापरू नये. अशा शोभिवंत भांड्यात साधी छिद्राची कुंडी ठेवली असेल तर पाणी देताना ती बाहेर काढावी. मातीत जाडी वाळू आणि नारळाच्या काथ्याचा भुसा मिसळल्यास निचरा उत्तम होतो.

ऋतूप्रमाणे तहान बदलते. उन्हाळ्यात आणि वातानुकूलित दुकानात माती लवकर वाळते. पावसाळ्यात दमट हवेमुळे ती कितीतरी दिवस ओली राहते. थंडीत वाढ मंदावल्याने पाणी कमीच लागते. पर्युषणाचे आठ आणि दशलक्षणाचे दहा दिवस वर्षा ऋतूच्या उत्तरार्धात येतात. ज्या घरांत या दिवसांत झाडांना हात न लावण्याचा नियम पाळला जातो, त्यांनी आदल्या दिवशी माती पाहून पोटभर पाणी द्यावे आणि कुंडी थेट उन्हापासून दूर ठेवावी. मध्यम आकाराच्या कुंडीतला वेल एवढे दिवस बहुधा निभावून नेतो.

श्रावकाच्या घरी हा विषय केवळ बागकामाचा राहत नाही. पाणी अप्काय आहे, वेल वनस्पतिकाय आहे आणि माती पृथ्वीकाय. गरजेवाचून ओतलेल्या पाण्यात तिघांचीही विराधना होते. अनर्थदंडविरमण व्रतात ज्या प्रमादचर्येपासून सावध केले आहे, ती हीच. शिवाय हिंसेची साखळी इथे थांबत नाही. सतत ओल्या मातीवर हिरवी शेवाळ धरते, आणि ती तर अनंतकाय. त्याच ओलीत बारीक काळ्या माश्यांच्या अळ्या वाढतात. बशीतल्या पाण्यात डास अंडी घालतात. उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरेसे होतात. पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या एकदा दिसल्या की पुढचा कोणताही उपाय निर्दोष राहत नाही. त्या ठेवाव्यात तर घरात आजार, फेकाव्यात तर त्रसजीवांचा घात. म्हणून यतना आधीच पाळायची असते.

बाटलीतल्या पाण्यात वेल ठेवणाऱ्यांनी तर हे कसोशीने पाळावे. बाटलीचे तोंड देठाभोवती कापडाने किंवा कापसाने बंद करावे, पाणी दर चार-पाच दिवसांनी बदलावे आणि आतील भिंत घासून काढावी, कारण डासांची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात. काढलेले पाणी गटारात न टाकता कोरड्या कुंडीत घालावे.

पाणी गाळलेले आणि खोलीच्या तापमानाचे असावे. उकळून उरलेले पाणी पूर्ण थंड झाल्यावर चालते. शुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मात्र क्षारांनी भरलेले असते. ते काटकसर म्हणून कुंडीत घातल्यास मातीवर पांढरा थर जमतो आणि पानांची टोके करपतात. लादी पुसण्यास ते उपयोगी पडते.

मागणी न पाहता माल भरणारे दुकान जसे तोट्यात जाते, तसेच तहान न पाहता पाणी घातलेली कुंडी. क्षणभर थांबून मातीला बोट लावणे एवढीच पूर्वतयारी लागते. त्या क्षणात वेलाचे प्राण वाचतात, पाणी वाचते आणि न दिसणाऱ्या कितीतरी जीवांना अभय मिळते.