बेइमान कोणाला म्हणावे?

पक्ष बदलणारा पुढारी बेइमान, हे आम्ही विनाविलंब सांगतो. या शब्दाची फोड मात्र आम्ही कधी केलेली नाही. अरबीतील 'इमान' म्हणजे श्रद्धा. फारसीतील 'बे' म्हणजे विना. बेइमान म्हणजे मुळात श्रद्धाहीन.

आता आपल्याच घरांत पाहू. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ अन्वये, मृत्युपत्र नसल्यास ख्रिस्ती मुलगा व मुलगी यांचा वाटा समान आहे. तरी वडिलांच्या मागे बहिणीपुढे हक्कसोडपत्र येते. 'नुसती सही हवी, बाकी काही नाही!' कागद वाचायला मागितला की चेहरे उतरतात. (बहिणीने स्वखुशीने हक्क सोडल्यास आमचे काही म्हणणे नाही, पण मग ही सही महिन्याच्या मिस्सेपूर्वीच का हवी असते?) आणि तिने वाटा मागितलाच, तर माहेराशी बेइमान कोण ठरते? तीच! लग्नातल्या सोन्याचा हिशेब निघतो. सातवी आज्ञा मोडणारा भाऊ मात्र त्याच सायंकाळी रोझरीला पुढे बसतो आणि श्रद्धावान म्हणवतो.

येशू घरी आला तेव्हा जक्कयाने लुबाडलेले चौपट परत करण्याचे वचन दिले. आम्ही चौपट मागत नाही. बहिणीचे जेवढे आहे तेवढेच तिला द्या.