मुलांची वही वाचता येणारे गणित शिक्षक हवेत

महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत शिक्षक म्हणून लागायचं, तर शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी द्यावी लागते. चाचणी २०० गुणांची. १२० अभियोग्यतेचे, ८० बुद्धिमत्तेचे. मराठी शिकवणाऱ्या उमेदवाराला जो पेपर, तोच गणित शिकवणाऱ्याला. शिक्षक पात्रता परीक्षेत गणित-विज्ञानाला ६० गुण आहेत खरे, पण तो पेपर सहावी ते आठवीसाठी. म्हणजे नववी-दहावीला बीजगणित आणि भूमिती शिकवायला निघालेल्या माणसाला ते मुलांना समजावता येतं का, हे राज्याच्या पातळीवर कुठेही तपासलं जात नाही. बी.एड.मध्ये ते झालं असणार, असं सगळे धरून चालतात. मी बी.एड. ज्या बाजूने पाहते, त्या बाजूने हे धरून चालणं फार धोक्याचं दिसतं.

मी कराड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. दरवर्षी आमच्याकडे छात्राध्यापक सराव पाठांसाठी आणि इंटर्नशिपसाठी येतात. हे छात्राध्यापक मनापासून मेहनत करतात. पाठाचं टाचण रात्री जागून लिहितात: उद्दिष्टे, स्पष्टीकरणे, गाभाघटक, शैक्षणिक साधने, हेतुकथन, संकलन, गृहपाठ. समासाला रंगीत रेघ, प्रत्येक रकाना भरलेला. मात्र ‘हा भाग शिकताना मुलं नेमकी कुठे अडतील’ यासाठी त्या टाचणात एकही रकाना नसतो. गणिताच्या तासाची खरी तयारी तर तिथेच असते.

एक उदाहरण सांगते. एम.एस्सी. गणित चांगल्या गुणांनी झालेली एक छात्राध्यापिका माझ्याकडे होती. आठवीच्या घटक चाचणीचे पेपर मी तिला तपासायला दिले. गणित होतं ३क्ष + ५ = २०. एका मुलाने लिहिलं होतं: ३क्ष = २० − ५, म्हणून ३क्ष = १५, म्हणून क्ष = १५ − ३ = १२. तिने शेवटच्या ओळीवर लाल फुली मारली आणि बाजूला ‘सराव कर’ असं लिहिलं.

मी विचारलं, “याने तीन वजा का केले असतील?”

“निष्काळजीपणा, मॅडम. भागायचं सोडून वजाबाकी केली.”

“त्याच्या वरच्या ओळी बघा. अक्षर बघा. हा निष्काळजी मुलगा वाटतो?”

मुलगा निष्काळजी नव्हताच. ‘पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं’ असं त्याला वर्गात सांगितलेलं होतं. पाच पलीकडे गेले, उणे पाच झाले, ते बरोबर ठरलं. मग तीन पलीकडे नेले, त्याचे उणे तीन केले. सांगितलेला नियम त्याने तंतोतंत पाळला होता. अशा मुलाकडून आणखी वीस गणितं करून घेतली, तर तो वीस वेळा हीच चूक करील. दुरुस्त करायचं होतं ते शिक्षकाचं वाक्य.

इथे काय करता येतं? आधी त्याला १२ ही किंमत समीकरणात परत घालायला सांगायचं. तीन बारे छत्तीस आणि पाच, एक्केचाळीस. वीस यायला हवे होते, हे त्याचं त्यालाच दिसतं. मग ‘३क्ष’ मोठ्याने वाचायला लावायचं, आणि ‘तीन क्ष’ असं न वाचता ‘क्षची तिप्पट’ असं. एका संख्येची तिप्पट पंधरा, तर ती संख्या किती? ‘तिप्पट’ म्हणणारं मूल तीन वजा करत नाही. हे सगळं पाच मिनिटांत होतं, पण या पाच मिनिटांत काय करायचं हे बी.एस्सी.त शिकवत नाहीत, एम.एस्सी.त शिकवत नाहीत आणि बी.एड.मध्येही शिकवत नाहीत.

त्या मुलीला मी दोष देत नाही. बारावीनंतर पाच वर्षं तिने गट, वलय, क्षेत्र, वास्तव विश्लेषण असं पुष्कळ गणित केलं होतं. त्या पाच वर्षांत शाळेच्या गणिताशी तिचा कुणी संबंधच येऊ दिला नाही. मग बी.एड.ला आल्यावर तिला सूक्ष्म अध्यापनाची कौशल्यं शिकवली गेली: प्रश्न कसा विचारायचा, फलकलेखन कसं करायचं, प्रबलन कसं द्यायचं. फेलिक्स क्लाइन या जर्मन गणितज्ञाने १९०८ मध्ये नेमकी हीच तक्रार केली होती. विद्यापीठात पाऊल टाकताच विद्यार्थ्याला शाळेचं गणित विसरावं लागतं आणि शिक्षक होऊन शाळेत परतला की विद्यापीठाचं. हे दोन तुटलेले सांधे जोडायला क्लाइनने भावी शिक्षकांसाठी खास व्याख्यानं दिली. त्याला शंभरावर वर्षं झाली, आणि आपल्या विद्यापीठांत गणित विभाग एका इमारतीत, शिक्षणशास्त्र विभाग दुसऱ्या इमारतीत, आणि दोघांची गाठ पदवीदान समारंभात.

हे सांधे जोडले तर किती आनंद आहे, तेही सांगायला हवं. (क्ष + ५)² = क्ष² + २५ ही चूक न पाहिलेला गणित शिक्षक शोधून सापडणार नाही. बहुतेक नवे शिक्षक यावर म्हणतात, ‘सूत्र पाठ कर.’ त्याऐवजी क्ष + ५ बाजूचा चौरस फळ्यावर काढला, तर त्यात चार तुकडे दिसतात: एक क्षचा चौरस, एक पाचाचा चौरस आणि ५क्ष क्षेत्रफळाचे दोन आयत. मुलाने हे दोन आयत टाकून दिले आहेत. मग वर्गाला विचारायचं, ‘याचं उत्तर कधी खरं ठरेल?’ थोड्या वेळाने कुणीतरी सांगतं, ‘क्ष शून्य असेल तर, मॅडम.’ चुकीच्या उत्तरातून चांगला प्रश्न निघतो, आणि ज्याचं उत्तर चुकलं तो मुलगाही मान वर करून बघतो.

हाच चौरस दहावीत पुन्हा भेटतो. क्ष² + १०क्ष = ३९ हे वर्गसमीकरण घ्या. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मीने ते आकृती काढून सोडवून दाखवलं. क्षच्या चौरसाला ५क्षचे दोन आयत जोडले की कोपऱ्यात एक जागा रिकामी राहते, पाच बाय पाचाची. ते २५ दोन्हीकडे मिळवले की मोठा चौरस ६४ चा, त्याची बाजू ८, म्हणून क्ष = ३. ‘पूर्ण वर्ग पद्धती’ म्हणजे काय पूर्ण करायचं, ते डोळ्यांना दिसतं. (ऋण उत्तर या आकृतीत दिसत नाही, ते का, ही चर्चाही वर्गात व्हायला हवी.) आणि एम.एस्सी. झालेल्या शिक्षकाला तर हेही ठाऊक असतं की जिथे १ + १ = ० असतं अशा संख्याव्यवस्थेत (क्ष + ५)² = क्ष² + २५ हे मुलाचं उत्तर नेहमीच बरोबर असतं. आठवीतली चूक, दहावीची पद्धत आणि विद्यापीठातलं बीजगणित एकाच धाग्यात येतात. हा धागा भावी शिक्षकाच्या हातात देणं, हे मी प्रशिक्षण समजते.

अमेरिकेत ली शुलमन यांनी १९८६ मध्ये या ज्ञानाला वेगळं स्थान दिलं: विषयाचं ज्ञान वेगळं, शिकवण्याची सर्वसाधारण कला वेगळी, आणि हा विषय या मुलांना कसा उलगडायचा हे ज्ञान त्या दोन्हींहून वेगळं. १९९९ मध्ये लिपिंग मा यांनी चीन आणि अमेरिकेतल्या प्राथमिक शिक्षकांची तुलना करणारं पुस्तक लिहिलं. त्यातला एक प्रश्न मी माझ्याकडच्या छात्राध्यापकांना आवर्जून देते. पावणेदोन भागिले अर्धा, याचं शाब्दिक उदाहरण तयार करा. उत्तर सगळे चटकन काढतात, साडेतीन. उदाहरण मात्र असं येतं: ‘पावणेदोन भाकरी दोघांत वाटल्या.’ हा दोनने भागाकार झाला. पावणेदोन लिटर दूध अर्ध्या लिटरच्या पिशव्यांत भरलं तर किती पिशव्या भरतील, इथपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. पोहोचल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं, ते पाहिलं की वाटतं, या मुलांना शिकायचं आहे. आपणच त्यांच्यासमोर हे कधी ठेवलं नाही.

धोरणाच्या चर्चेत मात्र सगळा भर वर्षांवर. २०१२ मध्ये शिक्षक प्रशिक्षणावरच्या न्यायमूर्ती वर्मा आयोगाचा अहवाल आला. तो आयोग नेमला गेला तोच महाराष्ट्रातल्या डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेच्या प्रकरणातून, हे आपण विसरू नये. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि शाळेतला अनुभव वीस आठवड्यांचा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बारावीनंतर चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम आणला. पदवीधराला दोन वर्षं, पदव्युत्तरांना एक वर्ष अशीही सोय ठेवली. एक वर्ष की दोन की चार, यावर परिसंवाद होतात. त्या वर्षांत गणित कोणतं आणि कुणाच्या वह्या, हे विचारणारं कुणी भेटत नाही.

वीस आठवडे ही लहान गोष्ट नाही. पण शाळेत प्रत्यक्षात काय घडतं? रजेवरच्या शिक्षकाचे तास छात्राध्यापकाच्या माथी, चाचणीला पर्यवेक्षण, स्नेहसंमेलनाची तयारी, ऑनलाइन माहिती भरणं. आज नववी ‘अ’, उद्या आठवी ‘क’. एकाच वर्गाला एक प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत शिकवण्याची संधी क्वचितच मिळते. घटक निवडायला सांगितलं की सांख्यिकी किंवा अर्थनियोजन निवडतात. वर्तुळाच्या प्रमेयांच्या वाटेला कुणी जात नाही. एकदा एकाने आंतरलिखित कोनाचं प्रमेय घेतलं. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता, सगळं फळ्यावर सुरेख अक्षरात. त्रिज्या का काढली, हे त्यानेही सांगितलं नाही आणि मुलांनीही विचारलं नाही. निरीक्षणाला आलेल्या प्राध्यापकांनी फलकलेखनाला पैकीच्या पैकी गुण दिले. त्यांचा स्वतःचा विषय इतिहास होता. त्यांच्या महाविद्यालयात गणित पद्धतीचं पद रिकामं होतं.

यावर लोक म्हणतात, एवढं करून या छात्राध्यापकांना मिळणार काय? शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं महिना १८,००० रुपये, तेही २०२३ च्या वाढीनंतर. गणिताची चांगली मुलं खासगी क्लासकडे जातात आणि त्यात मला त्यांची चूक दिसत नाही. मानधनाचा प्रश्न सुटायलाच हवा. पण तो सुटेपर्यंत जे तरुण शाळेतच यायचं ठरवून आले आहेत, त्यांना रिकाम्या हाताने वर्गात पाठवणं हा त्यांच्यावरचा दुसरा अन्याय आहे, आणि आमच्या गावातल्या मुलांवरचाही. क्लासची फी परवडत नाही अशा घरातल्या मुलाला गणित कळायचं तर ते शाळेतच.

म्हणून माझं मागणं नेमकं आहे. प्रत्येक गणिताच्या छात्राध्यापकाला एक वर्ग आणि एक पूर्ण प्रकरण द्या. घटक चाचणीचा पेपर त्यानेच काढावा, त्यानेच तपासावा, आणि मुलांच्या चुका गोळा करून प्रत्येकीमागचा विचार लिहावा. टाचणवहीचे निम्मे रकाने कमी करून तो वेळ या कामाला द्या. बी.एड.च्या गणिताच्या लेखी परीक्षेत मुलांची खरी उत्तरं छापा आणि विचारा: हे मूल काय समजून बसलं आहे? त्याला पुढचा प्रश्न कोणता विचाराल? मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात अंकगणितातून बीजगणिताकडे येताना मुलं कसा विचार करतात यावर चांगलं संशोधन झालं आहे. ते मराठीत आणून अभ्यासक्रमात घ्या. शिक्षक भरतीच्या चाचणीत माध्यमिकसाठी विषयाचा स्वतंत्र पेपर ठेवा. आणि इंटर्नशिपच्या गुणांत शाळेतल्या मार्गदर्शक शिक्षकाच्या मताला वजन द्या, कारण छात्राध्यापकांना रोज पाहतो तो तोच.

चार वर्षांच्या अभ्यासक्रमाचं तपशीलवार काम विद्यापीठांची अभ्यास मंडळं करतील. त्यांवर नववी-दहावीला प्रत्यक्ष गणित शिकवणारे किमान दोन शिक्षक असावेत. बैठक शनिवारी दुपारी ठेवली तर आम्हाला येता येईल. शनिवारची शाळा सकाळची असते.