‘टेल’ ह्या शब्दाचा खरा अर्थ

इंग्रजी भाषेंतील कांहीं शब्द आपण शाळेंत शिकतों, तर कांहीं रानांत. इंदापूर तालुक्यांतील कळस गांवच्या ज्या शेतकऱ्यानें इंग्रजी मुळाक्षरें कधीं गिरविलीं नाहींत, तोही ‘टेलला पाणी पोहोंचत नाहीं’ असें सहज बोलून जातो. त्याच्या मुलास शब्दकोशांत ‘टेल’ म्हणजे शेपूट असें आढळतें व त्यास हंसूं येतें. हंसण्यापूर्वीं त्यानें थोडा विचार करावा, अशी आमची विनंती आहे.

मूळ अर्थ शेपूट हा खराच. पुढें सादृश्यानें तो पुष्कळ वस्तूंस लागला. धूमकेतूचें पुच्छ, पतंगाचें शेपूट, क्रिकेटच्या संघांतील अखेरचे फलंदाज, ह्या सर्वांस ‘टेल’ म्हणतात. नाणें उडवितांना आपण ज्यास काटा म्हणतों, ती बाजू ‘टेल्स’ होय. तेथें अनेकवचनच हवें. उच्चारानें हुबेहूब असा दुसराही एक ‘टेल’ आहे. त्याचा अर्थ कथा. देवनागरींत दोघांचें रूप एकच दिसतें; परंतु इंग्रजींत शेपटीच्या शब्दांत ‘आय’ हें अक्षर येतें, तर कथेच्या शब्दाचा शेवट ‘ई’नें होतो. परीकथा लिहूं जातां परीसच शेपूट फुटूं नये, एवढी काळजी विद्यार्थ्यांनीं घ्यावी.

आतां कालव्याकडे वळूं. जेथें पाणी कालव्यांत शिरतें तें ‘हेड’ आणि जेथें कालवा संपतो तें ‘टेल’. वीर येथून निघणारा नीरा डावा कालवा १८८५ सालीं सुरू झाला. बारामती तालुका ओलांडून तो इंदापूर तालुक्यांत येतो व तेथेंच संपतो. म्हणून हा शब्द आमच्या लोकांच्या तोंडीं इतका बसला. वाटेंत कांहीं पाणी जमिनींत मुरतें, कांहींची वाफ होते, आणि वरच्या अंगास उंसाची तहान मोठी. उरेल तें टेलला, अशी स्थिति सहजच होते.

‘आम्ही टेलचे, आमच्या नशिबीं असेंच’ असें जेव्हां कोणी म्हणतो, तेव्हां आमच्या मतें शब्दाचा अर्थ बिघडतो. ‘टेल’ हा शब्द स्थान सांगतो, पायरी सांगत नाहीं. कालव्याच्या व्यवहारांतच ‘टेल टू हेड’ असा एक प्रयोग रूढ आहे. पाण्याची पाळी शेवटच्या शेतापासून सुरू करावी व वरच्या अंगास येत जावें, असा त्याचा भाव. ह्या प्रयोगांत शेवटचा तोच पहिला होतो. २००५ सालच्या कायद्यानें महाराष्ट्रांत पाणीवापर संस्थांस पाणी मोजून देण्याची तरतूद केली. मोजमाप असेल तरच शेवटच्या शेतकऱ्यास आपला वांटा बोट दाखवून मागतां येतो. एरव्हीं त्याची मागणी ही याचना ठरते.

असो. गांवाचें नांवच कळस आहे, तेव्हां दृष्टांत दूर शोधावयास नको. देवळाचा कळस सर्वांच्या शेवटीं चढतो. परंतु तो चढल्यावांचून देऊळ पुरें झालें असें कोणी म्हणत नाहीं. कालव्याच्या टेलचेंही तसेंच आहे. तेथें पाणी पोहोंचेल तेव्हांच कालवा पुरा झाला असें समजावें, आणि तोंवर ह्या शब्दास कोणीं हंसूं नये.