गिलाव्याखालचा गंज

मांडवीवरचा पूल जुलै 1986 मध्ये कोसळला, तेव्हा त्याला वीस वर्षेही झाली नव्हती. खाऱ्या हवेने काँक्रीटच्या पोटातल्या ताणलेल्या पोलादी तारा खाऊन टाकल्या होत्या. वरचा रस्ता मात्र शेवटपर्यंत वाहतूक झेलत होता. 1992 मध्ये नवा पूल होईपर्यंत पणजीकर फेरीबोटीच्या रांगेत उभे राहिले.

इटलीत जिनोआचा मोरांडी पूल 14 ऑगस्ट 2018 रोजी पडला, 43 माणसे गेली. त्याच्या एका मनोऱ्याचे काँक्रीटने मढवलेले ताणदोर नव्वदच्या दशकातच बळकट केले गेले होते. पडला तो दुसरा मनोरा. म्हणजे रोग माहीत होता, इलाजही माहीत होता. कमी पडली ती तातडी.

आपल्याकडे याहून सोपी पळवाट आहे: गिलावा. खपली निघाली की सिमेंट थापायचे, रंग फासायचा आणि देयक काढायचे. वास्तविक निरोगी काँक्रीट इतके अल्कधर्मी असते की त्यातली सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि खाडीचे क्लोराइड हे कवच भेदतात. गंज पोलादापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून काँक्रीट आतून फुटते. हातोडीने ठोकल्यावर असा भाग बद्द वाजतो. ताज्या खोबणीत फिनॉल्फ्थॅलिन फवारले, तर चांगले काँक्रीट गुलाबी होते, अल्कता गेलेले बेरंगच राहते. क्लोराइड मात्र या फवाऱ्याला सापडत नाही; त्यासाठी सहसा भुकटी काढून प्रयोगशाळेत पाठवावी लागते. आणि क्लोराइड मुरलेले काँक्रीट तसेच ठेवून ठिगळ लावले, तर गंज त्या ठिगळाच्या कडेला नव्याने जोर धरतो! दुरुस्तीवर केलेला खर्चच मग पुढच्या पडझडीला हातभार लावतो.

गुजरातेत महीवरचा गंभीरा पूल जुलै 2025 मध्ये तुटला. अभियंते निलंबित झाले, मग राज्यभर तपासणीची धावपळ सुरू झाली. हा क्रम आपल्यालाही नवा नाही. 2016 मध्ये महाडजवळचा सावित्रीवरचा दगडी पूल वाहून गेल्यावरही अशीच तपासणीची धावपळ झाली होती.

सरकारने दोन गोष्टी ताबडतोब कराव्यात. किती काँक्रीट फोडले, सळईचा किती भाग झिजला आणि क्लोराइड किती आढळले, याची छायाचित्रांसह नोंद झाल्याशिवाय दुरुस्तीचे देयक मंजूर करू नये. आणि खाडीवरच्या प्रत्येक पुलाचा तपासणी अहवाल, त्यातील आकड्यांसह, दरवर्षी पावसाळ्यापूर्वी संकेतस्थळावर टाकावा. ‘पूल सुस्थितीत आहे’ हे एका ओळीचे प्रमाणपत्र यापुढे स्वीकारू नये.