ताटातले सोयाबीन

मुंबईच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलात २००४ साली जपानी शेफ मासाहारू मोरिमोटो यांचे ‘वसाबी’ हे उपाहारगृह सुरू झाले. तेथील पाककलेशी आमचे भांडण नाही. पण जपानी स्वयंपाक कशावर उभा आहे? सोया सॉस, मिसो, तोफू, तिन्ही सोयाबीनचेच! आमच्या यवतमाळ जिल्ह्यात याच पिकाची सोंगणी शेतमजूर बाया करतात. २०२५-२६ साठी क्विंटलभर सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये. अशा हॉटेलात दोघांच्या जेवणाचे बिल सहज त्याच्या पुढे जाते.

धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही हॉटेलात मज्जाव करता येत नाही, असे संविधानाचे कलम १५(२) सांगते. मात्र खिसा त्या यादीत नाही. त्यासाठी कलम ३८(२) आहे : उत्पन्नातील विषमता कमीत कमी करण्यासाठी राज्याने झटावे. हे मार्गदर्शक तत्त्व न्यायालयातून बजावून घेता येत नाही. ते चळवळीनेच वसूल करावे लागते.

आमच्यातला एखादा साहेब तेथे जेवला तर आनंदच आहे. पण एकाच्या ताटाने समाजाचे पोट भरत नाही. सोयाबीनला हमीभाव आणि सोंगणीला किमान वेतन, आधी याचा हिशेब द्या!