गरिबाच्या घरासाठी की बिल्डरच्या गल्ल्यासाठी?

'हरित पट्ट्यातील बंधने उठवा, चटईक्षेत्र वाढवा, म्हणजे सामान्य माणसाला घर मिळेल,' हे पालुपद वसईकरांच्या कानांवर गेली तीन दशकांहून अधिक काळ आदळत आहे. जो त्याला विरोध करील तो विकासाचा वैरी ठरतो. अलीकडे या आरोपाला धार्मिक मुलामाही चढवला जातो. 'तुम्ही ख्रिस्ती म्हणवता, स्वतः वाडीत ऐसपैस राहता आणि परक्याला छप्पर नाकारता, हीच का तुमची शेजारप्रीती?' असा सवाल केला जातो. सवाल बोचरा आहे. तो टाळून चालणार नाही. उत्तर दिलेच पाहिजे.

प्रथम एक गोष्ट निःसंदिग्धपणे मान्य करू या. निवारा हा माणसाचा हक्क आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९८७ हे बेघरांच्या निवाऱ्याचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, त्याच वर्षाच्या अखेरीस व्हॅटिकनच्या न्याय व शांती आयोगानेही बेघरांच्या प्रश्नावर निवेदन काढून ख्रिस्तसभेला तिच्या कर्तव्याची जाणीव करून दिली. ज्याच्या जन्मासाठी बेथलेहेमात जागा मिळाली नाही, त्या प्रभूचे आपण अनुयायी. मराठवाड्यातून, कोकणातून, उत्तरेकडून पोटासाठी आलेल्या माणसाला 'उपरा' म्हणून हिणवण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्यातील काही मंडळी हरित वसईच्या नावाखाली तशी भाषा बोलतात. ती भाषा ख्रिस्ती तर नाहीच, पण चळवळीचा घात करणारीही आहे.

आता दुसरी बाजू पाहू. १९९० साली सिडकोची वसई-विरार परिसरासाठी विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. शेतजमिनी बांधकामासाठी खुल्या करण्याच्या धोरणाविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. पुढे २००७ मध्ये विकास आराखडा मंजूर झाला, २००९ मध्ये चार नगरपालिका व भोवतालची गावे मिळून महानगरपालिका झाली, आणि २०१६ मध्ये मुंबई महानगर प्रदेशाच्या प्रारूप प्रादेशिक योजनेने हरित पट्ट्याच्या भवितव्याचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला. त्या वेळी वसईतून हजारोंनी हरकती गेल्या. दर वेळी वाढीव बांधकामाच्या समर्थनार्थ गरिबाचेच नाव पुढे केले गेले.

त्या गरिबाच्या पदरात काय पडले? नालासोपारा पूर्वेला कचराभूमी व सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव असलेल्या जमिनीवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २०२४ च्या अखेरीपासून त्या जमीनदोस्त करण्यात आल्या आणि सुमारे अडीच हजार कुटुंबे रस्त्यावर आली. त्या कुटुंबांनी आयुष्याची पुंजी मोजली होती. फसवणाऱ्यांनी पैसे केव्हाच खिशात घातले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारला अवघ्या तेरा वर्षांच्या अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून १७ जणांचा बळी गेला. ही का गरिबांची घरे?

कुणी म्हणेल, 'ही तर अनधिकृत बांधकामांची उदाहरणे. चटईक्षेत्र वाढवून दिले असते तर हीच घरे रीतसर झाली असती.' हा तर्क वरवर बिनतोड वाटतो. पण राखीव जमिनीवर इमला चढवणाऱ्याला चटईक्षेत्र कमी पडले नव्हते. त्याने कायदा मुळीच जुमानला नाही आणि त्याला कुणी अडवले नाही. कुंपण राखणारा झोपला असेल तर शेत वाचवण्यासाठी त्याला उठवावे लागते. कुंपणच काढून टाका, म्हणजे चोरी उरणार नाही, हा सल्ला शहाणपणाचा नव्हे.

शिवाय चटईक्षेत्राचा हिशेब सामान्य माणसाला कुणी समजावून सांगत नाही. निर्देशांक एक-तृतीयांश असेल तर हजार चौरस मीटर जमिनीवर सारे मजले मिळून सुमारे ३३० चौरस मीटर बांधकाम होते. एक केला की हजार. जमीन तीच, पण एका लेखणीच्या फटकाऱ्याने तिच्यावरचे बांधकाम तिप्पट. भाव वाढतो तो तिथल्या तिथे. वाढलेल्या भावाच्या जमिनीवरची सदनिका रोजंदारीवरच्या माणसाला परवडेल, असे समजणे भोळेपणाचे आहे. बांधलेल्या घरांपैकी अमुक घरे अल्प उत्पन्न गटाला, अमुक किमतीत, अशी सक्ती नसेल, तर त्या वाढीत गरिबाचे फक्त नाव असते, वाटा नसतो.

यानंतर पाण्याचा प्रश्न. आपल्या पूर्वजांनी घराजवळ बावखले खणली, राखली. पावसाचे पाणी त्यांत साठे, जमिनीत मुरे आणि विहिरींना वर्षभर पाझर राही. किनाऱ्यालगतच्या भूमीत खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर तरंगत असतो. वरून भर घालण्याऐवजी तो उपसत राहिले की खालचे खारे पाणी वर चढते. टँकरवाल्यांनी गावच्या विहिरी उपसून नव्या संकुलांना पाणी विकले, त्या काळात हा अनुभव वसईने घेतला आहे. केळीच्या, पानवेलीच्या, फुलांच्या वाड्या या थरावर जगतात. आणि ज्या सखल भूमीत पाणी मुरत होते तेथे भराव टाकला तर काय होते, हे जुलै २०१८ मध्ये दिसले. लोक दिवसेंदिवस पाण्याने वेढलेल्या घरांत अडकले, वीज गेली, रेल्वे थांबली. त्या पुरात सर्वाधिक हाल कुणाचे झाले? तळमजल्यावरच्यांचे, चाळीतल्यांचे, मिठागरातल्या कुटुंबांचे. म्हणजे हरित पट्टा बुजवण्याची किंमतही प्रथम गरीबच मोजतो.

येथे धाराशिव जिल्ह्याची आठवण होते. २०२० साली फादर दिब्रिटो ज्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, ते त्याच भूमीत, तेव्हाच्या उस्मानाबादेत भरले होते. वाशी, भूम, परांडा हे त्या जिल्ह्याचे दुष्काळ सोसणारे तालुके. शेजारच्या लातूरला तर २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. पाण्यासाठी गाव सोडणारा माणूस मुंबईच्या आसऱ्याला यायचा आणि येथे आपण त्याच्या घराच्या निमित्ताने पायाखालचे गोडे पाणी काँक्रीटखाली गाडायचे! मग त्यानेही येथे पुन्हा टँकरचीच वाट पाहायची. याला कोणी विकास म्हणत असेल तर म्हणो.

परंतु, वाचकहो, सारा दोष शासनाच्या व बिल्डरांच्या माथी मारून आपले हात स्वच्छ होत नाहीत. सभेत 'हरित वसई'च्या घोषणा द्यायच्या आणि घरी येऊन वाडीचे कुलमुखत्यारपत्र बिल्डरच्या हाती ठेवायचे, हे आपल्याच धर्मग्रामांत घडले आहे. बावखले बाहेरच्यांनी येऊन बुजवली नाहीत. त्यांतील कित्येक आपल्या अंगणातली होती. अहाब राजाने द्राक्षमळ्याला उत्तम मोबदला देऊ केला असताना नाबोथाने वाडवडिलांचे वतन विकले नाही. आपल्यापैकी कितीजण त्याच्या पंक्तीला बसू शकतील? लेवीय पुस्तकाच्या शिकवणुकीप्रमाणे भूमी परमेश्वराची आहे, आपण तिच्यावरचे पाहुणे आहोत. २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात पोप फ्रान्सिस यांनी धरित्रीचा आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकण्यास सांगितले. दोहोंपैकी एकच ऐकणारा अर्धा बहिरा आहे.

म्हणून आमची भूमिका 'इमारती नकोत' अशी नकारघंटेची असू नये. दाट वस्ती व्हायची तर ती स्टेशनलगत, जुन्या मोडकळीस आलेल्या इमारतींच्या जागी व्हावी. तेथे चटईक्षेत्र अवश्य वाढवा, पण आधी पाणी, गटारे आणि शाळा, मग मजले. त्यांत अल्प उत्पन्न गटाचा वाटा कायद्याने बांधून द्या. गावठाणातील वाढत्या कुटुंबांना रास्त जागा द्या, म्हणजे वाडी विकण्याची पाळी त्यांच्यावर येणार नाही. बावखले, नाले, मिठागरे यांना हात लावू नका.

जुन्या विकास आराखड्याची मुदत २०२१ मध्ये सरली. नव्याचा प्रश्न टळणारा नाही. १९६६ च्या नगररचना अधिनियमाप्रमाणे प्रारूप आराखड्यावर हरकत घेण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे. प्रत्येक धर्मग्रामात नकाशा वाचणारे चार तरुण तयार व्हावेत. आपल्या गावाचा सर्व्हे नंबर कोणत्या रंगात रंगवला आहे, हे त्यांनी नकाशावर शोधावे आणि मराठीत लोकांना सांगावे. नालासोपाऱ्यातील भाडेकरूही त्या सभेला बोलवावा. त्याचे घर आणि आपली विहीर यांचा वैरी एकच आहे, हे एकदा दोघांना कळले की गरिबाच्या नावाने जमीन मागणाऱ्यांची बोलती आपोआप बंद होईल.