मातीत राबणारे हात

मार्गशीर्ष लागला की देशावरच्या बागेला खरे भाग्याचे दिवस येतात. पावसाळा सरल्यावर छाटलेल्या गुलाबांना धुमारे फुटून त्यांच्या टोकांशी कळ्या धरलेल्या असतात, शेवंतीचा बहर उतरणीला लागलेला असतो, वाफ्यांतून मुळा, मेथी आणि कोबी यांनी आपापली जागा अडवलेली असते, आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात आळी उकरणे, तण उपटणे, पेंड घालणे, रोपे हलवणे ही मशागत करताना वेळ कसा गेला हे ध्यानातही येत नाही. परंतु ज्या ऋतूत बाग फुलते, नेमक्या त्याच ऋतूत ती फुलवणारे हात उलू लागतात. बोटांच्या पेरांवर, अंगठ्याच्या कडेला, नखांच्या मुळाशी बारीक चिरा पडतात. त्यांत काळी माती रुतून बसते व कितीही घासली तरी निघत नाही. रेशमी वस्त्रावरून हात फिरवावा तर धागा अडकतो आणि जेवताना लिंबाची फोड पिळावी तर डोळ्यांत पाणी उभे राहते. हे दुखणे लहान, म्हणून ते घेऊन वैद्याकडे कोणी जात नाही. ते रोजचे, म्हणून घरातही त्याची विचारपूस होत नाही. सबब आजचे सदर त्याच्याच निसबतीने लिहिण्याचे योजिले आहे.

हात फुटले की सर्व दोष मातीच्या माथी मारण्याचा प्रघात आहे, आणि त्यात तथ्यांश नाही असे नाही. दख्खनची काळी माती पाणी प्यायली की फुगते व वाळली की आकसून भेगाळते. तिचे अतिसूक्ष्म कण हाताला चिकटून वाळू लागले म्हणजे ते कातडीवरचा ओलावा आणि स्नेह ही दोन्ही शोषून घेतात. त्यात सुपरफॉस्फेट, चुना अथवा राख हाताळली असेल तर दाह वाढतो. तथापि पुष्कळ वर्षे स्वतःचे व इतरांचे हात न्याहाळल्यावर माझी अशी खात्री झाली आहे की हातांचे जेवढे नुकसान माती करते, त्याहून अधिक नुकसान ती माती काढून टाकण्याचा आपला सोस करतो. कढत पाणी, कडक साबण, काथ्याची घासणी आणि पुन्हा पुन्हा धुण्याची घाई यांपुढे बिचारी माती सौम्यच म्हटली पाहिजे.

याचे कारण कातडीच्या रचनेत आहे. आपल्या त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर मृत, चपट्या पेशींचा असून त्या पेशी चिरेबंदी भिंतीतील दगडांप्रमाणे एकावर एक रचलेल्या असतात, आणि त्यांच्यामधल्या दरजा विशिष्ट स्निग्ध द्रव्यांनी भरलेल्या असतात. या दरजा शाबूत असतील तोवर आतला ओलावा बाहेर उडून जात नाही व बाहेरचे विष आत शिरत नाही. साबण मळातले तेल ओळखतो, पण मळातले तेल कोणते आणि दरजांतले कोणते हा विवेक त्याच्यापाशी नसतो. तो दोन्ही धुऊन नेतो. शिवाय बागकाम करणाऱ्या प्रत्येकाला आपल्या जमिनीचा सामू ठाऊक असतो, परंतु आपल्या हाताचाही एक सामू असतो हे क्वचितच कोणाच्या मनात येते. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी, म्हणजे ५ च्या आसपास सामू असलेली असते. नेहमीच्या साबणाचा सामू ९ ते १० असतो. त्यातून तळहाताची निसर्गाने केलेली व्यवस्था अशी की तेथे घर्मग्रंथी विपुल, पण तैलग्रंथी एकही नाही. कपाळावरचे तेल गेले तर ते काही तासांत परत येते. तळहाताला अशी आतून रसद मिळत नाही, आणि म्हणूनच त्याची तजवीज आपल्याला बाहेरून करावी लागते.

या तजविजीत तेलाइतकेच पाण्याचेही स्थान आहे, ही गोष्ट १९५२ साली अमेरिकेतील आयर्विन ब्लँक या संशोधकाने एका साध्या प्रयोगाने दाखवून दिली. त्याने वाळून कडक झालेल्या घट्ट्याचे तुकडे तेलात बुडवून ठेवले. ते ठिसूळचे ठिसूळच राहिले. तेच तुकडे पाणी मिळताच मऊ आणि लवचीक झाले. कातडीला मार्दव देते ते पाणी. तेल आणि मलम यांचे काम त्या पाण्याला उडून जाऊ न देण्याचे. म्हणून दिवसभराच्या कोरड्याठाक हातावर रात्री कितीही तेल चोळले तरी अपेक्षित गुण येत नाही, आणि हात धुऊन, नुसते टिपून, ते ओलसर असतानाच चोळलेले थोडेसे तेल मोठे काम करून जाते.

हे एवढे समजले की पुढचा जाबता अवघड नाही. बागेत उतरण्यापूर्वी हातांना तेलाचा पातळ लेप द्यावा आणि कोरड्या साबणाच्या वडीवर नखे हलकेच ओढून घ्यावीत, म्हणजे नखांखालची जागा आधीच भरल्यामुळे तेथे माती शिरत नाही. काम संपल्यावर माती प्रथम कोरडीच झाडावी. मग चमचाभर तिळाचे अथवा खोबऱ्याचे तेल हातांवर चोळून उरलेली माती सुटी करावी, त्यावर डाळीचे पीठ लावावे आणि कोमट पाण्याने हात धुवावेत. यात नवे काहीच नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे आधी तेल आणि मग उटणे हा जो क्रम आपल्याकडे चालत आला आहे, त्यामागेही हेच शहाणपण आहे. तेलाने मळ सुटतो आणि पिठाने जादा तेल जाते, परंतु कातडी उघडी पडत नाही. वर्षातून एकदा सणाला जे आपण करतो ते थंडीचे दोन महिने हातांपुरते करावे, एवढीच माझी सूचना आहे.

आता लेपासाठी द्रव्य कोणते, या प्रश्नाचे माझे उत्तर निःसंदिग्ध आहे: कोकमाचे तेल. कोकणात ज्याला भिरंडेल किंवा मुठेल म्हणतात ते हे द्रव्य तेल म्हणून ओळखले जात असले तरी दिसते मेणासारखे, आणि पुण्यात ते फिकट वड्यांच्या रूपाने मिळते. वैशाखात रातांबे पिकले की त्यांच्या साली आमसुलांसाठी वाळत पडतात. बियांकडे मात्र ज्या घरात जुनी माणसे आहेत तेथेच लक्ष जाते. त्या बिया वाळवून, फोडून, आतला गर कुटून पाण्यात कढवला की तेल वर तरंगते. ते काढून निवत असताना मुठीत दाबून त्याचे गोळे वळतात. बियांच्या वजनाचा सुमारे पाव हिस्सा तेलाचा असतो. हे तेल वितळायला जवळजवळ ४० अंशांची उष्णता लागते, म्हणजे हाताच्या नुसत्या उबेने ते पाघळत नाही, ते रगडावेच लागते. आणि यातच त्याचा गुण आहे, कारण जे सहज पाघळत नाही ते सहज पुसलेही जात नाही. थंडीत रत्नागिरीकडच्या आमच्या आत्याबाई पळीत तेलाचा खडा टाकून ती निखाऱ्यावर धरीत आणि तेल सोसवेल इतके निवले की घरातल्या प्रत्येकाच्या भेगांत ते थेंबाथेंबाने सोडीत. शेतावरून आलेला गडी आणि शाळेतून आलेला नातू यांत त्यांनी कधी भेद केला नाही. आमसुले झाल्यावर बिया उकिरड्यावर टाकणाऱ्या कोकणातील बंधुभगिनींना माझी हात जोडून विनंती आहे की या जिन्नसाची अशी नासाडी करू नये.

कोकमतेल न मिळाल्यास मेण आणि तिळाचे तेल एकत्र वितळवून केलेले मलम चालेल, जुन्या घरांतले राळेचे मलमही चालेल. सुश्रुताने सतत चालणाऱ्याच्या रूक्ष पायांना पडणाऱ्या भेगांना पाददारी असे नाव देऊन त्यांवर मेण, वसा, तूप आणि राळ यांचा लेप सांगितला आहे. इतक्या शतकांनंतरही त्या योजनेत मोठा फेरफार करण्याचे कारण दिसत नाही. व्हॅसलिनचे एकस्व अमेरिकेत १८७२ साली घेतले गेले. ओलावा अडवून धरण्यात त्याचा हात धरणारे द्रव्य विरळा, आणि ज्यांना चिकटपणा सोसतो त्यांनी ते रात्री लावून वर सुती हातमोजे घालावेत. ग्लिसरीन मात्र निर्जळ लावू नये. ते पाणी ओढणारे द्रव्य आहे, आणि पौषातल्या कोरड्या हवेत ओढायला पाणी नसले की ते कातडीतलेच ओढते. गुलाबपाण्यात मिसळून ओल्या हाताला लावावे व वर तेलाचे बोट फिरवावे. त्यात लिंबू पिळण्याची चाल मला पसंत नाही. फुटलेल्या कातडीवर आम्लाचा मारा करून काय साधते?

तरीही प्रत्येक दुखणे कोरडेपणाचे समजू नये. खाज सुटत असेल, पुरळ उठत असेल, पापण्या, मान आणि कोपराच्या खोबणीपर्यंत लाली गेली असेल, तर संशयित म्हणून गाजरगवताकडे बोट दाखवावे लागेल. १९५६ साली ज्याची नोंद पुण्याहून प्रसिद्ध झाली आणि नंतर जे देशभर पसरले ते हे तण कित्येकांच्या कातडीला असह्य होते. तेथे कोकमतेलाचे काही चालत नाही, त्वचेच्या डॉक्टरांकडेच गेले पाहिजे. तसेच भेग खोल असेल तर तिच्यातून धनुर्वाताच्या जंतूंना वाट मिळते हे विसरू नये, कारण त्यांची बीजे मातीत आणि शेणखतात असतात. दर १० वर्षांनी घ्यावयाची लस बागकाम करणाराने तरी तहकूब ठेवू नये.

हे सर्व लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे हौशी बागवाल्यांहून अधिक ते माळी आहेत, जे सायकलला खुरपे आणि कात्री अडकवून सकाळपासून बंगल्याबंगल्याने काम करीत हिंडतात. आमचा हात फुटला तर आम्ही चार दिवस बागेत उतरत नाही. त्यांना ती मुभा नाही. बहुतेक घरांत माळ्यासाठी बागेच्या नळावर कपडे धुण्याच्या साबणाचा तुकडा ठेवलेला मी पाहिला आहे. घरातला सर्वांत कडक साबण, तोही सर्वांत फुटलेल्या हातांसाठी, आणि दिवसातून जितकी घरे तितक्या वेळा! यात कोणाचा दुष्टपणा नाही, पण विचार नाही हे खरे. तो तुकडा आजच्या आज उचलावा. त्याच्या जागी डाळीच्या पिठाचा डबा, तेलाची लहान बाटली, हात टिपायला स्वच्छ पंचा आणि कोकमतेलाची एक वडी ठेवावी, माळीदादांना ती कशासाठी आहे हे नीट सांगावे, आणि संकोचाने त्यांनी नको म्हटले तर घरी न्यायला आणखी एक वडी कागदात बांधून द्यावी, कारण त्यांच्या घरी भांडी घासणारे हातही असण्याचा संभव आहे आणि त्या हातांची अवस्था पुष्कळदा याहून वाईट असते.